राष्ट्राध्यक्षांच्या कोटाची काजं

टेलरताईच्या दुकानात राजकारणाला मज्जाव होता. कुणी विषय काढलाच, तर तिचे वडील, आबा, तोंडातल्या टाचण्या न काढता नुसतं "हं" करत. त्या "हं"चा अर्थ ओळखून शहाणी माणसं मुकाट्याने हात वर करून छातीचं माप देत. पण त्या वर्षी राजकारण दुकानात आलं ते कापडाच्या गठ्ठ्यातून, आणि मग त्याला बाहेर काढणं कुणाच्याच हातात राहिलं नाही.

त्याचं असं की देशाचा राष्ट्राध्यक्ष शपथ घेताना जो कोट घालतो, तो आबांच्या वडिलांपासून याच दुकानात शिवला जात असे. गडद निळी, जाड लोकर, उभी कॉलर आणि समोर पाच बटणं. आजवर कोट कापायचे आबा आणि काजंही करायचे आबाच. या वेळी मात्र आबांच्या गुडघ्यांनी संप पुकारला होता. कापायच्या टेबलाशी तासभर उभं राहणं त्यांना जमेना, म्हणून कात्री पहिल्यांदाच ताईकडे आली. बसून करायची काजं तेवढी आबांकडे राहिली. ताईच्या हातची काजं चांगली होत. पण आबांनी केलेलं काज बघितलं की माणूस बोलता बोलता थांबे आणि त्यावरून एकदा बोट फिरवून बघे. आपला हात तिथवर पोचलेला नाही, हे ताईला ठाऊक होतं आणि ते ती कबूलही करायची.

पूर्वी हे काम कसं निवांत चाले. दीडशे सभासद एका हॉलमध्ये बसून राष्ट्राध्यक्ष निवडत, आणि कोण येणार हे महिनाभर आधी त्या हॉलबाहेरच्या चहावाल्यालासुद्धा माहीत असे. माप घ्या, कोट शिवा, काजं करा, इस्त्री मारा, आणि मग एखाद्या दिवशी ते मतदानही उरकून घ्या. पण आता कायदा बदलला होता. आता राष्ट्राध्यक्ष थेट लोकांनी निवडायचा होता, घराघरातून आणि दारादारातून. निकाल सोमवारी सकाळी आणि शपथ त्याच दिवशी दुपारी, कारण निकाल लागल्यावर खुर्ची एक रात्रही रिकामी ठेवायची नाही असं कुणीतरी घटनेत लिहून ठेवलं होतं. ज्याने लिहिलं त्याने आयुष्यात कधी कोट शिवला नसणार.

कापड घेऊन आलेले साहेब राजशिष्टाचार खात्याचे होते. सगळे त्यांना शिष्टाचारसाहेब म्हणत, आणि ते हसायचेसुद्धा नियमाप्रमाणे.

"एका कोटापुरतंच कापड आहे," ते म्हणाले. "गिरणी दर वेळी तेवढंच विणून देते."

"आणि उमेदवार दोन!" ताई म्हणाली.

"त्याला माझा इलाज नाही. आणि ताई, खरं सांगू का? यापुढे मोठ्या कारखान्यातून तयार कोट घ्यावा, असं वरून चाललंय. या वेळी काही चुकलं, तर मला तुमच्यासाठी तोंड उघडता येणार नाही."

साहेब गेल्यावर ताई कितीतरी वेळ त्या कापडावर हात ठेवून उभी राहिली. तिच्या हातचा पहिला कोट, आणि तोच शेवटचा व्हायचा!

दोन उमेदवारांपैकी एक होते मास्तर. कवायत शिकवण्यात त्यांची हयात गेली होती. त्यांचा आवाज असा खणखणीत, की सभेत कर्णा बंद पडला तरी मागच्या रांगेला पत्ता लागत नसे. दुसऱ्या होत्या लहान मुलांच्या डॉक्टरीणबाई. त्या इतक्या हळू बोलत, की लोकांना पुढे सरकून ऐकावं लागे. नशिबाने एवढी मात्र साथ दिली, की बाई उंच होत्या आणि मास्तर किडकिडीत. ताईने दोघांची मापं घेतली आणि तिचा जीव भांड्यात पडला. खांदे जवळजवळ सारखे होते. फरक होता तो छातीत, कमरेत आणि बाहीत. तो भरून काढायला तिने शिवणीत आतून भरपूर माया ठेवली, म्हणजे ऐनवेळी कापड सोडता येईल किंवा आवळता येईल. बाजूच्या शिवणी आणि बाह्या नुसत्या कच्च्या टाक्यांवर ठेवल्या. नवरा, जो मागच्या खोलीत इस्त्री सांभाळायचा, तो बघून म्हणाला, "वा! हा कोट तर अख्ख्या देशाला बसेल."

"देशाला बसेल, पण काजांचं काय?" ताई म्हणाली.

कारण तिथेच सगळी मेख होती. पुरुषाच्या कोटाला काजं डाव्या बाजूला असतात, बाईच्या कोटाला उजव्या. आजवर सगळे पुरुषच निवडून आल्यामुळे हा प्रश्न कुणाच्या गावीही नव्हता. शिवण उसवता येते, बटण उपटता येतं, पण काजासाठी एकदा कापड चिरलं की चिरलं. म्हणजे काजं निकालानंतरच करायची. जाड लोकरीत एकेका काजाला बराच वेळ लागतो, आणि आबांइतका चटपट आणि देखणा हात दुसऱ्या कुणाचा नव्हता.

आणि आबा तर रुसून बसले होते.

"मी काजं करणार नाही," जेवताना त्यांनी जाहीर केलं. जेवणाआधी बोटावरचं अंगुस्तान, ती सुईपासून बोट वाचवणारी पितळी टोपी, काढून ताटाशेजारी ठेवायची त्यांची सवय होती. त्या दिवशी त्यांनी ती जरा जोरातच आपटली. "आरडाओरडा करून निवडलेल्या माणसासाठी माझी सुई चालणार नाही. आणि मतदानालाही मी जाणार नाही."

"पण का, आबा?"

"का म्हणजे? कोटाचं माप कोण घेतं? एक जण घेतो. ज्याला कळतं तो. अख्ख्या गल्लीला टेप देऊन बोलावतेस का तू? ते दीडशे लोक बसायचे, विचार करायचे. आता काय, ज्याचा आवाज मोठा त्याचा कोट!"

"पण आबा," जावई पुढे सरसावला. त्याला या विषयाची खुमखुमीच होती. "माप टेलरने घ्यावं, कबूल. पण कोट काखेत टोचतोय की नाही, हे घालणाऱ्यालाच विचारावं लागतं ना? देश आम्ही घालून हिंडतो. त्या दीडशे जणांनी ठरवलं, की आम्ही वर्षानुवर्षं हात वर न करता चालायचं!"

"जावईबापू, लोकांना काय कळतं? लोक आवाजाला भुलतात. बघाल तुम्ही, मास्तरच येणार."

"आले तर आले. आमचेच कान, आमचीच शिक्षा."

"आणि बाईंसारखं माणूस पडणार! घरोघर जाऊन पोरांचे ताप उतरवले त्यांनी. पण त्या ओरडत नाहीत ना. मग कोण विचारतंय?"

ताईने दोघांच्या ताटात जरा जास्तच वाढलं, म्हणजे तोंडं बंद होतील. कोण बरोबर याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं. तिला आबांची सुई हवी होती. रात्री पाणी देताना तिने हळूच म्हटलं, "आबा, माझा पहिला कोट आहे हो." आबांनी भिंतीकडे तोंड केलं आणि पांघरूण डोक्यावर ओढलं.

इकडे गल्लीला निराळंच खूळ लागलं होतं. समोरचे बेकरीवाले काका दिवसातून दहादा पाव मोजायच्या निमित्ताने दाराशी येत आणि ताईच्या काचेतून आत डोकावत. कोटाच्या कमरेला टाचण्या लावलेल्या दिसल्या, की गल्लीत बातमी फुटे: "कमर आवळली! मास्तर येणार!" दुसऱ्या दिवशी टाचण्या काढल्या, की "बाईंचं पारडं जड झालं!" एकदा तर एक वार्ताहर बाहीची लांबी विचारायला आला. ताईने त्याला त्याच्याच पॅंटची लांबी सांगून वाटेला लावलं, आणि कोटाच्या पुतळ्यावर पांढरी चादर टाकली. ती चादर बघून काकांनी जाहीर केलं, की निवडणूक अटीतटीची आहे.

मतदान रविवारी होतं. दुपारी ताई आणि नवरा दुकान आबांवर सोपवून शाळेपाशी रांगेत उभे राहिले. रांग भलतीच लांब होती आणि ऊन चांगलंच होतं, पण माणसं लग्नाला आल्यासारखी आनंदात होती. गंमत अशी, की आपण कुणाला मत देणार हे कुणी सांगत नव्हतं, पण बाकीचे कुणाला देणार हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"माझं सोडा हो," बेकरीवाले काका म्हणाले. "पण लोक मास्तरांनाच देणार."

"आमच्या घरचं नका विचारू," मागच्या शिक्षिकाबाई म्हणाल्या. "पण लोक मास्तरांच्याच मागे आहेत."

ताईला आपल्या मताची फारशी पर्वा नव्हती. पण आत गेल्यावर, हातात शिक्का आणि समोर दोन चित्रं असताना, तिला एकदम वाटलं की आपल्यालाही काहीतरी हवंय या देशाकडून, आणि ते आजपर्यंत आपल्याला कुणी विचारलंच नव्हतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने शिक्का मारला, मधल्या बोटाला शाई लावून घेतली, आणि बाहेर येऊन नवऱ्याला सांगितलं की आत फार धूळ आहे.

दोघं परतली तेव्हा आबा नेहमीच्या खुर्चीत बसलेले होते. घामाने सदरा भिजला होता. "आबा, पंखा नाही का लावायचा?" असं म्हणून ताईने पंखा लावला. जेवताना आबा घुम्यासारखे गप्प होते. अंगुस्तानसुद्धा त्यांनी बोटावरून काढलं नाही, ते तसंच ठेवून चमच्याने जेवले. रुसवा अजून गेलेला नाही, असं समजून ताई काही बोलली नाही. सकाळी आपल्यालाच काजं करायची आहेत, हे तिने मनाशी पक्कं केलं आणि रेशमी दोरा मेणातून ओढून तयार ठेवला.

सकाळी नवऱ्याने रेडिओ इतका मोठा लावला, की इस्त्रीची वाफही ऐकू येईना. निवेदक आकडे सांगत गेला आणि त्याचा स्वतःचाच त्यावर विश्वास बसत नसल्यासारखं जाणवू लागलं. डॉक्टरीणबाई निवडून आल्या होत्या. काठावर नव्हे, चांगल्या घसघशीत मतांनी! बाहेर गल्लीत एकच गलका झाला. बेकरीवाल्या काकांनी दिसेल त्याच्या हातात गरम पाव ठेवायला सुरुवात केली.

"उजवी बाजू!" ताई ओरडली. "अहो, टेबल रिकामं करा. उजव्या बाजूला काजं!" तिने धावत जाऊन पुतळ्यावरची चादर ओढली.

कोटाला पाच काजं केलेली होती.

एका ओळीत, एकसारखी, टाका न् टाका मोत्यासारखा. जन्मात विसरता येणार नाहीत अशी काजं. आणि पाचही डाव्या बाजूला.

चादर ताईच्या हातातून टेबलावर पडली. नवरा इस्त्री हातात धरून दारातच थबकला. आतल्या खोलीतून काठी टेकत आबा आले, आणि त्यांचा चेहरा पाहून कुणाला काही विचारायची गरजच उरली नाही.

"मीच केली," आबा म्हणाले. "काल दुपारी, तुम्ही रांगेत होतात तेव्हा. म्हटलं, पोरीचा पहिला कोट, सकाळी धावपळ नको. मास्तरच येणार हे तर—"

"हे तर काय, आबा?" ताईचा आवाज चढला. आयुष्यात ती पहिल्यांदा वडिलांवर ओरडत होती. "लोकांना काय कळतं, असंच ना? लोकांबद्दल तुम्हाला एवढं सगळं कळतं, आणि स्वतः मत द्यायला जात नाही! घरात बसून माझा कोट चिरलात तुम्ही!"

आबा खुर्चीत बसले आणि मान खाली घालून अंगुस्तान फिरवत राहिले. ताईला लगेच वाईट वाटलं आणि रागही जाईना, अशी तिची पंचाईत झाली.

"रफू केलं तर?" नवऱ्याने इस्त्री टेबलावरच्या चादरीवर टेकवत, चाचरत विचारलं.

"पाच ठिकाणी रफू केलेला कोट घालून शपथ घ्यायची?"

"कोट उलटा करून..."

"तुम्ही आधी इस्त्री उचला. चादर जळतेय."

तेवढ्यात दाराशी गाडी थांबली. शिष्टाचारसाहेब आत आले, आणि त्यांच्या मागे, रात्रभर न झोपलेल्या पण हसतमुख डॉक्टरीणबाई. गल्ली काचेला नाक लावून उभी राहिली. ताईच्या मनात क्षणभर आलं, की काही बोलूच नये. साहेबांना डावं-उजवं कुठलं कळतंय? पण लगेच तिची तिलाच लाज वाटली. तिने कोट पुतळ्यावरून काढला आणि दोन्ही हातांवर घेऊन पुढे केला.

"बाई, आधीच सांगते. चूक झाली आहे. काजं पुरुषाच्या बाजूला पडली आहेत. आता ती बदलता येणार नाहीत."

शिष्टाचारसाहेबांच्या चेहऱ्यावरचं नियमातलं हसू मावळलं. "हे कसं चालेल? परदेशी पाहुणे येणार, फोटो निघणार! मी आत्ताच्या आत्ता कारखान्याला फोन—"

"जरा थांबा हो," बाई इतक्या हळू म्हणाल्या, की सगळ्यांना पुढे सरकावं लागलं. त्यांनी कोट अंगात घातला, कच्च्या टाक्यांसकट. मग आरशाकडे न बघता, साहेबांकडे बघत, त्यांनी हाताने पाचही काजं चाचपली, टाचणीने अडकवलेली बटणं एकामागून एक त्यांत सारली. बोटं एकदाही अडखळली नाहीत.

"तीन भावांच्या पाठची आहे मी," त्या म्हणाल्या. "मोठी होईपर्यंत त्यांचेच कोट घातले. उजव्या बाजूच्या काजांत बटणं मला अजून नीट लावता येत नाहीत. फोटोत मी तरी आज अवघडलेली दिसणार नाही." मग त्या एका काजावरून बोट फिरवू लागल्या, आणि बोलता बोलता थांबल्या. "ही कुणी केली?"

ताईने आबांकडे पाहिलं. आबा काठीवर भार देऊन उभे राहिले.

"आजोबा," बाई हसत म्हणाल्या, "मी पडणार याची तुम्हाला एवढी खात्री होती?"

आबांनी सावकाश बोटावरचं अंगुस्तान काढलं. मधल्या बोटाला काळीभोर शाई होती.

"मत तुम्हालाच दिलं, बाई," ते म्हणाले. "दुकानाच्या मागच्या दाराने गेलो. गुडघ्यांची कुरकुर चालू होती, तरी गेलो. शाळेच्या पलीकडच्या दाराशी म्हाताऱ्यांची वेगळी रांग होती, तिथल्या लोकांनी मला पुढे सोडलं. तिथे जो तो म्हणत होता, लोक मास्तरांनाच देणार. म्हटलं, आपल्याएवढं शहाणं इथे कोण आहे? घरी आलो आणि मास्तरांची काजं केली." त्यांनी अंगुस्तान टेबलावर ठेवलं. "मला वाटलं, मी एकटाच."

दारातून बेकरीवाले काका ओशाळून म्हणाले, "मलाही तसंच वाटलं होतं. मीही बाईंनाच दिलं." त्यांच्या मागून शिक्षिकाबाईंनी हात वर केला, त्यावर शाई होती. मग आणखी कुणी, मग आणखी कुणी. काचेपलीकडे शाई लागलेल्या बोटांचं रान माजलं. डॉक्टरीणबाईंनी खिशातून एक घडी घातलेला कागद काढला. "हे माझं भाषण," त्या म्हणाल्या. "हरल्याचं. जिंकल्याचं लिहिलंच नाही. मलाही वाटलं, लोक मास्तरांनाच देणार." आणि त्या इतक्या मोठ्याने हसल्या, की पुढे सरकावं लागलं नाही.

हसता हसता ताईच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं. या वेळी धुळीचं निमित्त तिने शोधलं नाही. ती आबांजवळ गेली आणि म्हणाली, "काल ओरडायला नको होतं... छे, आत्ताच ओरडले ना मी. आबा, चुकलं माझं."

"चुकलं माझं," आबा म्हणाले. "बस मशीनवर. कमरेची शिवण सोडायचीय, आणि साहेब घड्याळ बघतायत."

दुपारी सगळ्या गल्लीने बेकरीतल्या टीव्हीवर शपथ पाहिली. कोट बाईंच्या अंगावर असा बसला होता, जणू आधीपासून त्यांचाच होता. शिष्टाचारसाहेबांनी तेवढ्यात ताईला निरोप पाठवला, की कारखान्याचा विषय आता कुणी काढायचा नाही, असं खुद्द राष्ट्राध्यक्षांनी सांगितलं आहे.

"काय आबा," जावयाने डिवचलंच. "आता पटलं? लोकांना कळतं की नाही?"

"दीडशे जण असते, तर काज कुठल्या बाजूला करायचं हे मला महिनाभर आधी कळलं असतं," आबा म्हणाले. मग त्यांनी शाईचं बोट टीव्हीकडे केलं. "पण मग हा कोट बाईंच्या अंगावर दिसला नसता."

दुसऱ्या दिवशी आबा सकाळपासून दुकानाच्या काचेशी खुर्ची टाकून बसले. गिऱ्हाइकांची काजं पडून होती. ताईने दोनदा अंगुस्तान त्यांच्या मांडीवर आणून ठेवलं. दोन्ही वेळा त्यांनी ते बाजूला सरकवलं. "शाई जाईपर्यंत नाही घालत," ते म्हणाले, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं बोट काचेला टेकवून बसून राहिले.